अँथुरियम: नुसत्या कोकोपीटवर पानांच्या कडा करपतात, फूल पोंग्यात अडकतं. दोष पाण्याचा, खताचा की माध्यमाचा?

कृष्णाकाठ_१०गुंठे

नमस्कार मंडळी. सातारा तालुका, १० गुंठे पॉलिहाउस, वर २०० मायक्रॉन प्लास्टिक, आत ७५ टक्क्यांची कायमची शेडनेट. लाल 'ट्रॉपिकल' आणि पांढरा 'अ‍ॅक्रोपोलिस', टिश्यूकल्चरची रोपं, लागवडीला १४ महिने. बेड एक मीटर रुंद, २० सेंमी खोल, नुसतं बारीक कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), खाली प्लास्टिक कागद. पाणी सकाळी एकदाच, चौरस मीटरला अडीच लिटर, त्यात रोज १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशचे टक्के) लिटरला एक ग्रॅम.

बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट: पीएच ७.९, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) ०.६, बायकार्बोनेट २७५, कॅल्शियम ४४, मॅग्नेशियम २४, सोडियम ४६, क्लोराइड ५३ (बायकार्बोनेटपासून पुढचे आकडे मिग्रॅ प्रति लिटर).

तक्रारी:
१) जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात.
२) नवीन पान पिवळट, शिरा मात्र हिरव्या.
३) मार्चपासून फूल पोंग्यातून सुटत नाही. सुटलं तर स्पेथला (फुलाच्या रंगीत पानाला) सुरकुती नाहीतर चीर.
४) लाल स्पेथवर, देठाजवळच्या दोन कानांवर, फिकट डाग. पुढे तेच तपकिरी होतात.

दुकानदार कॅल्शियम-बोरॉनची फवारणी सांगतो. कोणी म्हणतं माध्यमच बदला. सुरुवात कुठून करू?

---

ठिबक_मास्तर

फवारणी थांबवा. कॅल्शियम पानावर पडलं तर पानातच राहतं, तिथून फुलाकडे जात नाही. फुलात ते मुळातून पाण्याबरोबरच चढतं. उघडलेल्या स्पेथवर फवारलंत तर पांढरे ठिपके तेवढे उरतील आणि मालाची प्रत जाईल.

रिपोर्ट दिलात हे बरं केलंत, पण अर्धी माहिती अजून हवी: निचऱ्याचं पाणी. ठिबक बंद झाल्यावर बेडच्या उताराच्या टोकाला भांडं लावा आणि तीन गोष्टी मोजा: ईसी, पीएच, आणि दिलेल्या पाण्यापैकी किती टक्के बाहेर आलं. चार बेडचं वेगवेगळं मोजा, सरासरी काढू नका. शिवाय दोन झाडांच्या मध्ये तळापर्यंत हात घालून मूठभर कोकोपीट काढा. पिळल्यावर पाणी गळतंय का, वास कसा आहे आणि मुळांची टोकं पांढरी आहेत की तपकिरी, ते कळवा.

तोवर १९:१९:१९ बद्दल. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो. युरियाला विद्युतभार नसल्यामुळे ईसी मीटरला तो दिसतच नाही, म्हणजे मीटरवरचा आकडा अर्धवट असतो. मातीत जिवाणू युरियाचं नायट्रेट करून देतात. कोकोपीटमध्ये ते काम संथ आणि बेभरवशाचं. आणि या खतात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियमही नाही. जमिनीतल्या भाजीला चालेल, मातीविना अँथुरियमला नाही.

---

कृष्णाकाठ_१०गुंठे

मोजलं. निचऱ्याची ईसी २.४ ते २.७, पीएच ७.२-७.३. निचरा जेमतेम ५ टक्के. बेडला उतार नाही, हे आता लक्षात आलं. वरचे चार-पाच सेंमी दुपारी कोरडे पडतात, तळ मात्र चिखल, आंबूस वास. खालची मुळं तपकिरी, वरची बरी आहेत.

---

ठिबक_मास्तर

मग चित्र स्पष्ट आहे. एकेक घेऊ.

अँथुरियम मुळात कोलंबिया-इक्वाडोरच्या पावसाळी जंगलातलं, झाडांच्या बुंध्यांवर आणि पालापाचोळ्यात वाढणारं. त्याच्या जाड मुळांना ओल हवी, पण भोवती हवाही हवी. तुमच्याकडे खालची मुळं गुदमरलेली आणि वरची दुपारी कोरडी. चांगली मधली पट्टी जेमतेम ८-१० सेंमी. त्यात निचरा नाही म्हणून बोअरचं सोडियम आणि न वापरलेलं खत साठत गेलं. कडा करपतात त्या यामुळे. अँथुरियम क्षार सोसणारं पीक नाही. निचऱ्याची ईसी दीडच्या वर जाऊ देऊ नका.

नवीन पान पिवळं ते लोहामुळे. लोह कमी घातलंत म्हणून नव्हे, ७.२ पीएचला मूळ ते उचलू शकत नाही म्हणून. माध्यमाचा पीएच ५.२ ते ६.२ मध्ये हवा, नेम ५.७-५.८ वर धरा. पीएच वर नेतंय ते बायकार्बोनेट. २७५ मिग्रॅ म्हणजे लिटरला साडेचार मिलीमोल. त्यातलं अर्धा मिलीमोल राहू द्या, बाकीचे चार ॲसिडने मारायचे.

६० टक्क्यांचं नायट्रिक ॲसिड १००० लिटरला साधारण ३०८ मिली लागेल. बाजारातल्या कॅनची ताकद ६० ते ६८ टक्के कुठेही असते, म्हणून आधी १० लिटरच्या बादलीत ३ मिली टाकून ढवळा, तासाभराने पीएच बघा. ५.८ च्या आसपास आला की त्याच हिशेबाने टाकी करा. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. रबरी हातमोजे, चष्मा. टाकीचं झाकण दोन-तीन तास उघडं ठेवा, बुडबुडे निघून जाऊ द्या.

बरेच जण इथे चुकतात. ॲसिडमधून जो नायट्रेट येतो (चार मिलीमोल) तो खताच्या हिशेबात धरावाच लागतो. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियमही धरायचं. नाहीतर पुस्तकातला डोस जसाच्या तसा घालून ईसी दोनवर जाते.

अँथुरियमला द्रावणात मला हे प्रमाण पसंत आहे, मिलीमोल प्रति लिटर: अमोनियम १, पोटॅश ४.५, कॅल्शियम १.५, मॅग्नेशियम १, नायट्रेट ६.५, सल्फेट १.५, फॉस्फेट १.

तुमच्या पाण्यावर, ५००० लिटरच्या टाकीला:

- नायट्रिक ॲसिड ६० टक्के: १.५४ लिटर
- कॅल्शियम नायट्रेट: ४३० ग्रॅम
- १२:६१:०० : ५२० ग्रॅम
- ००:५२:३४ : ७० ग्रॅम
- १३:००:४५ : ८२० ग्रॅम
- ००:००:५० : १.२२ किलो
- मॅग्नेशियम सल्फेट: काही नाही, पाण्यातच पुरेसं आहे
- लोह, डीटीपीए चिलेट (लोह विरघळलेलं ठेवणारं रूप) ११ टक्के: ३८ ग्रॅम
- बोरॅक्स ९.५ ग्रॅम, मँगनीज सल्फेट २.५, झिंक सल्फेट (२१ टक्के) ४.३, मोरचूद ०.६, सोडियम मॉलिब्डेट ०.६ ग्रॅम

तयार द्रावणाची ईसी १.२ ते १.३ यायला हवी. दीडच्या वर गेली तर काटा तपासा, द्रावण तसंच सोडू नका. शेवटच्या दोन वस्तू किचनच्या वजनकाट्यावर मोजता येत नाहीत. दहापट घेऊन एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातले १०० मिली टाकीत घाला.

एवढ्या पातळ द्रावणात कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र चालतात, म्हणून अ-ब टाक्यांची गरज नाही. फक्त प्रत्येक खत वेगळ्या बादलीत विरघळवा, ००:००:५० ला वेळ द्या, आणि कॅल्शियम नायट्रेट सगळ्यात शेवटी, टाकी जवळजवळ भरल्यावर. शंभरपट घट्ट द्रावण केलंत तर मात्र कॅल्शियम वेगळ्या टाकीत हवंच. नाहीतर तळाला जिप्समचा गाळ आणि ड्रिपर बंद.

---

माळरान

मास्तरांच्या हिशेबात भर. पॉलिहाउसच्या छपरावरचं पावसाचं पाणी साठवता आलं तर ॲसिडची कटकट निम्मी होते. १००० चौ.मी. छतावर १०० मिमी पाऊस म्हणजे १ लाख लिटर, थोडं वाया गेलं तरी ८०-८५ हजार. बोअरचं आणि पावसाचं निम्मं-निम्मं मिसळलं की बायकार्बोनेट आणि सोडियम दोन्ही अर्ध्यावर.

नुसतं पावसाचं पाणी वापरणार असाल तर वरची यादी चालणार नाही. त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही. तेव्हा ॲसिड शून्य आणि १००० लिटरला: कॅल्शियम नायट्रेट ३२४ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २४६, १२:६१:०० ८०, ००:५२:३४ ४१, १३:००:४५ ३२३, ००:००:५० ८७. प्रमाण मास्तरांचंच, फक्त पाणी वेगळं. एकाच गावातल्या दोन विहिरींना एकच डोस का चालत नाही ते यातून दिसेल.

आता माध्यम. सगळं उपसायची गरज दिसत नाही, पण बेडची रचना बदलावी लागेल:

आधी निचरा. बेडच्या बाजूने, तळापासून दोन सेंमीवर, दर अर्ध्या मीटरला १२ मिमीची भोकं पाडा. जमिनीच्या उतारानुसार एका बाजूला चर काढून पाणी बाहेर न्या. ते पाणी पुन्हा टाकीत घेऊ नका. मूळकुजीचं एक झाड सगळ्या घराला पुरेल.

मग धुणं. साध्या बोअरच्या पाण्याने बेड धुवायचे नाहीत, बायकार्बोनेट आणखी वाढेल. वरचंच द्रावण निम्म्या ताकदीचं करा. ॲसिड मात्र पूर्ण, पीएच ५.५. चौरस मीटरला ८ ते १० लिटर, दोन दिवसांत विभागून, लहान पाळ्यांनी. निचऱ्याची ईसी १.५ खाली आली की थांबा.

त्यानंतर पाळ्या. सकाळची एकच अडीच लिटरची पाळी बंद. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ३ ते साडेतीन लिटर, ५-६ पाळ्यांत; पहिली उजाडल्यावर दोन तासांनी, शेवटची चारच्या आत. निचरा ३० टक्के. तुमच्या पाण्यात सोडियम दोन मिलीमोल आहे. झाड ते फारसं घेत नाही, म्हणून निचरा कमी केलात की ते बेडमध्ये साठणारच.

वरून भर. अँथुरियमचं खोड वर सरकत जातं, नवीन मुळं माध्यमाच्या वर फुटतात आणि कोरड्या हवेत सुकतात. वर्षातून एकदा नारळाच्या सोडणाचे तुकडे तीन-चार सेंमी पसरा, पण कोंब झाकू नका. झाकला की कुजतो.

पुढच्या बेडला मात्र नुसतं बारीक कोकोपीट घालू नका. दोन वर्षांत ते दबतं, हवा संपते. नारळाच्या सोडणाचे दोन-तीन सेंमीचे तुकडे ६० टक्के, कोकोपीट २५, विटांचे तुकडे किंवा लोणारी कोळसा १५. विटा नव्या भट्टीच्या घ्या. पाडकामाच्या विटांना चुना-सिमेंट चिकटलेलं असतं, पीएच महिनोन्‌महिने खाली येत नाही. हॉलंडमध्ये फोमचे तुकडे वापरतात, हवाईत ज्वालामुखीचा खडा. आपल्याकडे सोडण स्वस्त आहे तर उगाच परदेशी फोमच्या मागे का लागावं?

५ किलोची कोकोपीटची वीट फुलून ६५-७५ लिटर होते. भिजवा, धुताना निघणाऱ्या पाण्याची ईसी ०.५ पर्यंत उतरेतो धुवा, मग प्रत्येक विटेला १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून २४ तास भिजत ठेवा, पुन्हा एकदा धुवा. कोकोपीटला चिकटलेलं सोडियम-पोटॅश कॅल्शियमने सुटतं. ही पायरी गाळली तर पहिले काही महिने कोकोपीटच तुमचं कॅल्शियम खातं.

---

सावंतवाडीकर

पोंग्यात अडकणाऱ्या फुलाबद्दल कोणी बोललं नाही अजून. ते मुख्यतः हवेचं दुखणं. घाटावर मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता ३० च्याही खाली जाते. अँथुरियमला ६० ते ८० हवी. पोंगा वाळून घट्ट होतो, आतलं कोवळं स्पेथ ओढाताणीत फाटतं. दुपारी ११ ते ४ फॉगर, दर १०-१५ मिनिटांनी १०-१५ सेकंद, शिवाय वाटा ओल्या ठेवा. फॉगरला तुमचं कच्चं बोअरचं पाणी नको. नोझल महिन्यात बंद आणि पानांवर चुन्याचे पांढरे डाग. साडेचारनंतर फॉगर बंद, रात्रीच्या आत पानं कोरडी व्हायला हवीत.

कानांवरचे फिकट डाग कॅल्शियमच्या कमतरतेचेच वाटतात. पण ते फक्त खताने जाणार नाहीत. पोटॅश जास्त झालं, मुळं गुदमरली किंवा हवा इतकी दमट झाली की झाडाचं बाष्पीभवनच थांबलं, की कॅल्शियम द्रावणात असूनही फुलात पोचत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात हे घडतं, तुमच्याकडे आत्ता घडतंय. कारणं वेगळी, डाग एकच.

जाळीचंही बघा. भर उन्हात बाहेर १ लाख लक्स, प्लास्टिकखाली ८० हजार, ७५ टक्के जाळीखाली २० हजार; ठीक. पण ढगाळ श्रावणात बाहेरच २५ हजार असले तर आत ५ हजार. त्यात फुलाची कळी जिरते, देठ लांब आणि लुळे होतात. ५० टक्क्यांच्या दोन जाळ्या घ्या, एक कायमची, दुसरी ओढायची. उन्हाळ्यात दोन्ही मिळून तेच २० हजार, ढगाळ पावसाळ्यात दुसरी बाजूला सरकवली की १० हजार. १,०००-२,००० रुपयांचं लक्समीटर घ्या. अंदाजाने जाळी ओढू नका. २५ हजारांच्या वर पानं पिवळट पडतात, स्पेथचा रंग उतरतो.

आणि एक गोष्ट विचारली नाहीत तरी सांगतो, कारण बाकी सगळं दुरुस्त होतं, हे होत नाही: झँथोमोनासचा करपा. १९८० च्या दशकात हवाईतल्या कितीतरी बागा याने बसवल्या. पानाच्या कडेला पाणी भरल्यासारखे डाग, भोवती पिवळी कड, उजेडात धरलं तर तेलकट दिसतात. जिवाणू आतपर्यंत गेला की जुनं पान पिवळं पडतं, देठ बुडाशी तांबूस होतो आणि हलकंसं ओढलं तरी हातात येतं. तुमच्या करपलेल्या कडा कोरड्या, सुरकुतलेल्या असतील तर क्षार. तेलकट असतील तर आज रात्रीच झाड पिशवीत बांधून बाहेर काढा. आजूबाजूचं मीटरभर माध्यमही.

तो पसरतो सुरीने, शिंतोड्यांनी, आणि पहाटे पानाच्या कडांवर जमणाऱ्या थेंबांतून. अमोनियम जास्त दिलं तर त्या थेंबांत जिवाणूला खाणं मिळतं, म्हणून मास्तरांनी अमोनियम एकच मिलीमोल ठेवलंय ते बरोबर. फुलं काढताना दोन सुऱ्या ठेवा, एक औषधात, एक हातात, प्रत्येक झाडाला बदलायची. तांब्याची औषधं अँथुरियमवर मारू नका, पानं आणि फुलं दोन्ही भाजतात.

पॉलिहाउसच्या सांडपाण्यावर अळू लावायची सवय आपल्याकडे सगळ्यांना. अळू, डिफेनबेकिया, सिंगोनियम, मनीप्लांट ही सगळी एकाच कुळातली. यातल्या कशावरूनही हा जिवाणू आत येऊ शकतो. भाजीचा अळू घराच्या परसात असू दे, पॉलिहाउसजवळ नको.

---

कृष्णाकाठ_१०गुंठे

कडा कोरड्याच आहेत, तेलकट नाहीत. बरं वाटलं. आणि हो, चराच्या कडेला अळू आहे. उद्याच काढतो.

आणखी एक. फुलं कापल्यावर चार-पाच दिवसांत स्पेथ काळपट-निळं पडतं अशी व्यापाऱ्याची तक्रार. शेजारच्या जरबेरावाल्याच्या कोल्डस्टोअरमध्ये रात्रभर ठेवतो.

---

पॅकहाउस

तेच कारण. जरबेरा-गुलाबाचं स्टोअर २ ते ४ अंशांवर असतं. अँथुरियमला १२-१३ अंशांखाली थंडी बाधते, स्पेथ निळं-काळं पडतं, आणि ते लगेच नाही, बाहेर काढल्यावर दिसतं. म्हणून दोष व्यापाऱ्याच्या गाडीवर जातो. १४ ते १८ अंशांची सावलीची खोली पुरे. तशी खोली नसेल तर स्टोअरमध्ये न ठेवलेलं बरं.

काढणी कधी करता? मधल्या दांडीवरची फुलं (खरी फुलं तीच, लाल दिसतं ते नुसतं पान, वनस्पतिशास्त्रात त्याला महाछद म्हणतात) खालून वर रंग बदलत जातात. दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश दांडी बदलली आणि स्पेथखालचा देठ बोटाला कडक लागला की काढा. त्याआधी काढलेलं फूल पाणी ओढत नाही, मान टाकतं. बाजारभाव चढलाय म्हणून आठ दिवस आधी कापायचा मोह होतो. तो माल परत येतो.

देठ बुडाशी तीन सेंमी ठेवून कापा, दुपारी नाही, सकाळी. लगेच बादलीत. पॅकिंगआधी टोक पुन्हा दोन सेंमी कापून १०-१५ मिली पाण्याच्या नळकांड्यात घाला. पेटीत स्पेथला स्पेथ घासू देऊ नका, देठ चिकटपट्टीने तळाला बांधा, ओलसर कागदाचे तुकडे टाका. नीट हाताळलेलं फूल फुलदाणीत दोन ते चार आठवडे टिकतं.

---

ठिबक_मास्तर

पॅकहाउसला दुजोरा. आणि तुम्ही धुणं सुरू कराल तेव्हा एक लक्षात ठेवा: करपलेल्या कडा परत हिरव्या होणार नाहीत, त्या बघून घाबरू नका. नवीन पान बघा. अँथुरियममध्ये प्रत्येक पानाच्या बगलेत एक फूल, म्हणून बेड सुधारल्यानंतर जे पान फुटेल त्याच्या बगलेतलं फूल पहिल्यांदा खरं उत्तर देईल, त्याला दोन-तीन महिने लागतात. मधल्या काळात डोस बदलत बसू नका. दर सोमवारी त्याच चार बेडचा निचरा मोजून वहीत लिहा, आणि चार आठवड्यांनी आकडे इथे टाका. पीएच ६.२ खाली येत नसेल तर ॲसिड वाढवायच्या आधी मीटर ४ आणि ७ च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर) तपासा.

---

कृष्णाकाठ_१०गुंठे

बफरच्या पुड्या आणल्या. मीटर ७ च्या बफरला ७.४ दाखवतोय. म्हणजे निचरा ६.८-६.९ असणार.

---

ठिबक_मास्तर

४ च्या बफरलाही बघा, तिथे किती चुकतो त्यावर ठरेल. दोन्हीकडे ०.४ असेल तर नुसता कॅलिब्रेट करा. ४ ला बरोबर आणि ७ ला चूक असेल तर दोन्ही बफरवर कॅलिब्रेट करा, तरीही आकडे जुळत नसतील तर इलेक्ट्रोड नवा घ्या. आणि बादलीतली ॲसिडची चाचणी मीटर नीट झाल्यावरच.